पंधरा पराभवांची कमाई

तेवीस सामने, सहा विजय, पंधरा पराभव आणि दोन अनिर्णित. १९११च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये खेळायला गेलेल्या पहिल्या अखिल भारतीय क्रिकेट संघाचा हा जमाखर्च. यांपैकी प्रथम श्रेणीचे सामने चौदा आणि त्यांतील विजय फक्त दोन. समोर इंग्लंडचा राष्ट्रीय संघ कधीच नव्हता. होते ते विद्यापीठांचे, कौंट्यांचे आणि क्लबांचे स्थानिक संघ. आजच्या मोजपट्टीने पाहिले, तर हा दौरा सपशेल फसला असेच म्हणावे लागेल. मात्र भारतीय क्रिकेटच्या इतिहासात या दौऱ्याला जे स्थान मिळाले आहे, ते पुढच्या अनेक यशस्वी दौऱ्यांनाही मिळालेले नाही.

याचे कारण धावफलकाबाहेर शोधावे लागते. क्रिकेटमध्ये नवख्या असलेल्या देशाने परदेशात जाऊन स्थानिक संघांशी खेळणे ही एक प्रकारची परीक्षा असते. तिचा पहिला पेपर मात्र परदेशात नव्हे, मायदेशीच सोडवावा लागतो आणि त्यात प्रश्न एकच असतो : संघात कोणाला घ्यायचे? १९११च्या दौऱ्याने या प्रश्नाचे जे उत्तर दिले, ते त्या काळातील समाजाच्या फार पुढचे होते. दौरा संपल्यावर त्याच उत्तराचा समाजाला विसर पडला, हेही तितकेच खरे. आज अफगाणिस्तानसारख्या देशाच्या वाटचालीकडे किंवा हिंगोलीसारख्या जिल्ह्यातून राज्य संघाकडे डोळे लावून बसलेल्या मुलांकडे पाहताना या जुन्या दौऱ्याची उजळणी म्हणूनच उपयोगाची ठरते.

स्थानिक संघांशीच सामने का?

एखाद्या देशाला कसोटी सामने खेळण्याचा मान मिळण्यापूर्वी त्याची पात्रता पाहिली जाते. ती पाहण्याचा सर्वांत जुना मार्ग म्हणजे दौरा. पाहुणा संघ दोन-तीन महिने यजमान देशात राहतो आणि तेथील प्रांतिक, विद्यापीठीय वा क्लबच्या संघांशी सामने खेळतो. इंग्लंडमध्ये हे काम प्रामुख्याने कौंटी संघ करीत. प्रथम श्रेणीचा सामना तेव्हा तीन दिवसांचा आणि प्रत्येकी दोन डावांचा असे. एक सामना संपला की रात्रीची किंवा पहाटेची रेल्वे पकडायची, दुसऱ्या गावी पोहोचायचे आणि पुन्हा मैदानात उतरायचे, असा क्रम आठवड्यामागून आठवडे चाले.

अशा दौऱ्यात तीन गोष्टींची परीक्षा होते. पहिली खेळपट्टीची. भारतात त्या काळी मोठी शहरे सोडली तर पुष्कळ ठिकाणी काथ्याच्या चटईवर सामने होत. चटईवर चेंडू एकसारखा उसळतो. इंग्लंडमध्ये हिरवळीची खेळपट्टी असे आणि पाऊस आला तरी ती झाकली जात नसे. ओली खेळपट्टी उन्हाने वाळू लागली की चेंडू कोठे वळेल याचा नेम राहत नसे. दुसरी परीक्षा शरीराची. मायदेशी वर्षाकाठी मोजकेच मोठे सामने खेळणाऱ्याला तेथे आठवड्याला दोन सामने खेळावे लागत. तिसरी परीक्षा प्रतिस्पर्ध्याच्या सवयीची. कौंटी संघांत खेळावरच पोट असणारे व्यावसायिक क्रिकेटपटू असत. नोकरी, वकिली किंवा शिक्षण सांभाळून खेळणाऱ्या पाहुण्यांपुढे हा फरक ठळकपणे उघडा पडे.

त्यामुळे नवख्या संघाच्या पदरी पराभव येणे जवळपास ठरलेले असे. या पराभवांतून तो काय घेऊन परततो, यावरच दौऱ्याचे मोल ठरे.

पारशांनी पाडलेली वाट

भारतात क्रिकेट आले ते लष्करी छावण्या आणि बंदरे यांच्या वाटेने. मुंबईच्या मैदानावर आणि पुणे, खडकीच्या छावण्यांत गोरे सैनिक व अधिकारी खेळत. मराठवाड्याचा प्रदेश तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तेथेही हैदराबाद कंटिंजंटच्या छावण्या होत्या आणि हिंगोली हे त्यांपैकीच एक ठाणे. पण भारतीयांनी हा खेळ गांभीर्याने आपलासा केला तो प्रथम मुंबईत, आणि त्यातही पुढाकार पारशी समाजाचा होता.

१८८६ मध्ये डॉ. डी. एच. पटेल यांच्या नेतृत्वाखाली पारशी संघ इंग्लंडला गेला. या संघाने २८ सामने खेळले. विजय एक, पराभव १९, अनिर्णित ८. लॉर्ड्सवर एमसीसीच्या संघात साक्षात डब्ल्यू. जी. ग्रेस खेळायला उतरले आणि पारशी संघ डावाने हरला. एवढी दाणादाण उडूनही दोनच वर्षांनी, १८८८ मध्ये, पारशी पुन्हा गेले. या वेळी पी. डी. कांगा कर्णधार होते. ३१ सामन्यांत ८ विजय, ११ पराभव आणि १२ अनिर्णित अशी कामगिरी झाली. वेगवान गोलंदाज डॉ. मेहेल्लाशा पावरी यांनी एकट्याने १७० बळी घेतले.

या दोन दौऱ्यांचे फळ मिळाले ते घरच्या मैदानावर. १८९० च्या जानेवारीत जी. एफ. व्हर्नन यांचा इंग्लिश संघ भारतात आला असताना पारशांनी मुंबईत त्याला चार गडी राखून हरवले. पावरी यांनी दुसऱ्या डावात ३४ धावांत ७ बळी टिपले. १८८६ ची नामुष्की आणि १८९० चा विजय यांत अवघ्या चार वर्षांचे अंतर आहे. परदेशात हरणे ही शिकण्याची फी असते, हे पारशांनी सर्वांआधी ओळखले होते. १८९२ पासून मुंबई इलाख्यात युरोपीय विरुद्ध पारशी असे वार्षिक सामने नियमित होऊ लागले.

तरीही पारशी संघ हा एका समाजाचा संघ होता. ‘भारताचा’ संघ म्हणजे कोणता, हा प्रश्न अजून कोणी सोडवला नव्हता.

संघ जमण्याआधीच मोडला

रणजितसिंहजींनी इंग्लंडच्या मैदानांवर मिळवलेल्या कीर्तीमुळे एकोणिसावे शतक संपता संपता भारतीय संघ विलायतेला न्यावा, ही कल्पना पुढे आली. मात्र ती प्रत्यक्षात यायला दहा वर्षांहून अधिक काळ गेला. पैसा ही अडचण होतीच. त्याहून मोठी अडचण होती ती हिंदू, पारशी आणि मुस्लिम यांच्या प्रतिनिधित्वाची. कोणत्या समाजाचे किती खेळाडू असावेत, यावर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात घोळ सुरूच राहिला आणि एकामागून एक बेत बारगळले. खुद्द रणजितसिंहजी या खटाटोपापासून दूरच राहिले.

मग राजकारणाने वेगळे वळण घेतले. जुलै १९०९ मध्ये मदनलाल धिंग्रा यांनी लंडनमध्ये सर कर्झन वायली यांची हत्या केली. त्याच वर्षी डिसेंबरात नाशिकमध्ये अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. विलायतेत भारतीय तरुणांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. अशा वेळी साम्राज्याशी स्नेहाचे नाते सांगणारा भारतीय क्रिकेट संघ पाठवावा, ही कल्पना संस्थानिक, उद्योजक आणि सरकारी अधिकारी या तिघांनाही सोयीची वाटली. इतिहासकार प्रशांत किदंबी यांनी या दौऱ्याच्या अभ्यासात ही बाजू तपशीलवार मांडली आहे. थोडक्यात, पहिला ‘राष्ट्रीय’ संघ जन्माला आला तो राष्ट्रवादाच्या नव्हे, तर साम्राज्यनिष्ठेच्या मांडवात. त्या वर्षी २२ जूनला लंडनमध्ये पंचम जॉर्ज यांचा राज्याभिषेक व्हायचा होता, हाही मुहूर्त साधला गेला.

संघ ठरला तेव्हा त्यात सहा पारशी, पाच हिंदू आणि तीन मुस्लिम खेळाडू होते. कर्णधार होते पतियाळाचे शीख महाराज भूपिंदरसिंग. त्यांचे वय अवघे एकोणीस. पारशी खेळाडूंत डॉ. होरमसजी कांगा होते. मुंबईत आजही पावसाळ्यात खेळली जाणारी कांगा लीग यांच्याच नावाने ओळखली जाते. मुस्लिम खेळाडू अलीगढच्या महाविद्यालयातून घडलेले होते. हिंदूंमध्ये मुंबईचे मुकुंद पै, दक्षिणेतील बी. जयराम व यष्टिरक्षक शेषाचारी आणि पालवणकर बंधूंपैकी दोघे, बाळू आणि शिवराम, यांचा समावेश होता.

शेवटची दोन नावे या सगळ्या कथेचे मर्म आहेत. पालवणकर हे चर्मकार समाजात जन्मलेले, म्हणजे त्या काळच्या भाषेत ‘अस्पृश्य’. ज्यांना गावच्या देवळात आणि विहिरीवर मज्जाव होता, त्यांना भारताच्या पहिल्या संघात स्थान मिळाले होते.

तीन रुपये पगार ते लॉर्ड्स

बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ च्या सुमारास धारवाडला झाला. पालवणकर हे आडनाव कोकणातील पालवण गावावरून आलेले. वडील लष्कराच्या नोकरीत असल्याने कुटुंब पुण्यात आले. पुण्यातील एका पारशी क्रिकेट क्लबात बाळू खेळपट्टी झाडण्या-रोळण्याचे काम करू लागले. पगार महिना तीन रुपये. पुढे युरोपियनांच्या पूना क्लबात चार रुपयांवर नोकरी लागली. खेळपट्टीवर रूळ फिरवणे, जाळी बांधणे, टेनिसची मैदाने आखणे ही कामे करता करता साहेबांना सरावासाठी चेंडू टाकण्याचे कामही त्यांच्याकडे आले.

पुण्यातील नामांकित फलंदाज जे. जी. ग्रेग तासन्‌तास त्यांच्याकडून चेंडू टाकून घेत. आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे, असे बक्षीस ग्रेग यांनी लावले होते, अशी आख्यायिका आहे. हातात बॅट देऊन फलंदाजीची संधी मात्र या क्लबात बाळूंना कधी दिली गेली नाही, असेही सांगितले जाते. चेंडू टाकणे ही चाकरी होती, फलंदाजी ही साहेबी होती. या सक्तीच्या सरावातूनच अचूक टप्प्याचा डावखुरा फिरकी गोलंदाज तयार झाला.

युरोपियनांना हरवायचे असेल तर हा गोलंदाज हवाच, हे पुण्यातील हिंदू खेळाडूंच्या लक्षात आले आणि त्यांनी बाळूंना संघात घेतले. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना पॅव्हेलियनच्या बाहेर मातीच्या भांड्यात चहा दिला जाई आणि जेवणाचे पानही वेगळे मांडले जाई. सामने जिंकून दिल्यावर न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या सुधारकांनी त्यांचे जाहीर कौतुक केले. पुढे बाळू मुंबईला गेले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवले, त्या गाजलेल्या विजयात बाळू आणि शिवराम दोघांचाही वाटा होता.

या बंधूंपैकी विठ्ठल पालवणकर यांनी पुढे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. एरवी इंग्रजी धावफलकांत केवळ ‘पी. बालू’ म्हणून उरलेल्या माणसाची घरची बाजू त्यामुळे मराठी वाचकांपर्यंत पोहोचली.

मैदानावर काय घडले?

जूनच्या आरंभी ऑक्सफर्ड विद्यापीठाविरुद्ध दौरा सुरू झाला. पहिल्या टप्प्यात पराभवांची मालिकाच लागली. कर्णधार महाराज मोजके सामने खेळले. राज्याभिषेक आणि त्यानिमित्तचे समारंभ यांत ते गुंतले होते. संघातील अनुभवी फलंदाज केकी मिस्त्री हे महाराजांच्या पदरी नोकरीला असल्याने तेही संघाला पूर्णवेळ मिळाले नाहीत. कर्णधार नाही, प्रमुख फलंदाज नाही आणि समोर केंट, सरे, लँकेशायर अशा बलाढ्य कौंट्या, अशी एकूण अवस्था होती.

या पडझडीत एक माणूस अखेरपर्यंत उभा राहिला. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध बाळूंनी एका डावात १०३ धावांत ८ बळी घेतले. जुलैमध्ये लेस्टरशायरविरुद्ध त्यांनी दोन्ही डावांत मिळून ११ फलंदाज बाद केले आणि संघाला प्रथम श्रेणीतील पहिला विजय मिळाला. दुसरा विजय सॉमरसेटविरुद्ध मिळाला तो एका गड्याने, अखेरची जोडी मैदानात असताना. त्या सामन्याचे मानकरी होते शतकवीर शिवराम. दोन कौंटींवरचे दोन विजय आणि दोन्हींच्या मुळाशी पालवणकरांचे घर.

संपूर्ण दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. त्यांपैकी प्रथम श्रेणीतील बळी ७५. तेव्हा त्यांचे वय होते पस्तीसच्या घरात. फिरकी गोलंदाजाची उमेदीची वर्षे सरली असताना त्यांना इंग्लंडची खेळपट्टी प्रथमच पाहायला मिळाली होती. संघ जमवण्याच्या भांडणांत जी वर्षे गेली, त्यांची किंमत या आकड्यांआड दडलेली आहे. १९०० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत दौरा झाला असता, तर पंचविशी-तिशीतील बाळू इंग्लंडला दिसले असते.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. इंग्लंडच्या मैदानांवरही उच्चनीच होतेच. हौशी ‘जंटलमन’ आणि पगारी ‘प्लेयर’ यांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या असत, अनेक ठिकाणी मैदानात उतरण्याचे दरवाजेही वेगळे असत. हा भेद तेथे अधिकृतपणे संपला तो १९६२ मध्ये. तेव्हा भारतीयांना जात शिकवायला इंग्लंडची गरज नव्हती, तशीच समता शिकवायलाही इंग्लंड फारसे उपयोगी नव्हते. समतेचा जो काही धडा मिळाला, तो संघनिवडीच्या गरजेने दिला. जिंकायचे असेल तर चांगला गोलंदाज हवा, मग तो कोणाचाही असो.

बाहेर एक, घरी चार

संघ परतल्यावर मुंबईत दलित समाजाच्या वतीने बाळूंचा सत्कार झाला. त्या वेळी मानपत्र सादर करण्यात तरुण भीमराव आंबेडकरांचा सहभाग होता, असे इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी लिहिले आहे. मात्र सत्कार आणि अधिकार या वेगळ्या गोष्टी असतात. दौऱ्यातील सर्वांत यशस्वी गोलंदाज असूनही बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद कधीच मिळाले नाही. कर्णधार राहिलेल्या मुकुंद पै यांनी हा मान खरे तर बाळूंचा आहे, अशी भावना जाहीरपणे व्यक्त केली होती. तरीही निवड समितीला ते मानवले नाही.

देशातील स्पर्धेचे स्वरूपही उलट्या दिशेने गेले. परदेशात सर्व समाज एका संघात खेळले होते. घरी मात्र १९१२ पासून युरोपीय, पारशी, हिंदू आणि मुस्लिम अशी धर्मावर आधारलेली चौरंगी स्पर्धा सुरू झाली. बाहेर एक संघ आणि घरी चार, ही विसंगती पुढची तीन दशके टिकली. १९३७ मध्ये स्पर्धा पंचरंगी झाली आणि १९४६ मध्ये ती बंद पडली.

बदल आला, पण हळूहळू आणि मागितल्यावर. १९२० मध्ये कर्णधारपदाच्या निमित्ताने पालवणकर बंधूंनी उघड निषेध नोंदवला. त्यानंतर बाळूंना उपकर्णधारपद मिळाले. १९२३ मध्ये धाकटे बंधू विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. बाळू नंतर राजकारणात उतरले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या मुंबई विधिमंडळ निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. १९५५ मध्ये त्यांचे निधन झाले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांच्या नावावर १७९ बळी आहेत, सरासरी १५.२१. यांपैकी ७५ बळी त्या एकाच दौऱ्यातले. मायदेशात किती थोडे मोठे सामने त्यांच्या वाट्याला आले, हे यावरून कळते.

एकवीस वर्षांनी मिळालेली पावती

१९११ नंतर पहिल्या महायुद्धामुळे आणि अंतर्गत मतभेदांमुळे असा दौरा पुन्हा झाला नाही. १९२६ मध्ये आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली एमसीसीचा संघ भारतात आला. सी. के. नायडू यांनी मुंबईत त्या संघाविरुद्ध १५३ धावा झोडपल्या, तर पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर यांनी १४८ धावांची खेळी केली. भारतीय संघ कसोटीच्या योग्यतेचा आहे, हे पाहुण्यांना पटले. १९२८ मध्ये क्रिकेट नियामक मंडळाची स्थापना झाली आणि १९३२ मध्ये भारताचा संघ पहिली कसोटी खेळण्यासाठी इंग्लंडला गेला.

लॉर्ड्सवरील ती एकमेव कसोटी भारताने १५८ धावांनी गमावली. पण त्या दौऱ्यातील प्रथम श्रेणीच्या २६ सामन्यांपैकी ९ जिंकले, ८ गमावले आणि ९ अनिर्णित राहिले. १९११ मध्ये चौदांत दोन विजय, १९३२ मध्ये सव्वीसांत नऊ. याच कौंटी संघांसमोर झालेली ही प्रगती होती. या वेळीही कर्णधारपद कागदोपत्री पोरबंदरच्या महाराजांकडे होते. पण प्रत्यक्ष कसोटीत नाणेफेकीला गेले ते नायडू. राजाला बाजूला ठेवून खेळाडूने संघ चालवायला भारतीय क्रिकेटला एकवीस वर्षे लागली.

अफगाणिस्तानची तीच वाट

हा सगळा इतिहास जुना झाला, असे समजण्याचे कारण नाही. २००६ च्या मार्चमध्ये मुंबईत अफगाणिस्तानचा संघ एमसीसीविरुद्ध खेळला. समोर इंग्लंडचे माजी कर्णधार माइक गॅटिंग होते. अफगाणिस्तानने तो सामना १७१ धावांनी जिंकला, त्यात मोहम्मद नबी यांचे शतक होते. त्याच वर्षी हा संघ इंग्लंडला गेला आणि सातपैकी सहा सामने जिंकून आला. हरवलेल्या संघांत एसेक्स, ग्लॅमॉर्गन आणि लेस्टरशायर यांचे दुय्यम संघ होते. बाळूंनी ज्या कौंटीला नमवले, तिच्याच दुसऱ्या फळीसमोर ९५ वर्षांनी आणखी एक नवखा देश आपली ताकद अजमावत होता.

त्यापुढची वाटचाल वेगाने झाली. २००८ मध्ये जर्सी बेटावरील पाचव्या श्रेणीची स्पर्धा, २००९ मध्ये एकदिवसीय सामन्यांचा दर्जा, २०१७ मध्ये कसोटीचा दर्जा आणि २०१८ मध्ये बेंगळुरूत भारताविरुद्ध पहिली कसोटी. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी विश्वचषकात याच संघाने पुण्याजवळच्या गहुंजे येथे श्रीलंकेला सात गडी राखून हरवले. २०२४ च्या ट्वेन्टी-२० विश्वचषकात तो उपांत्य फेरीत पोहोचला.

परंतु येथेही तोच जुना प्रश्न उभा आहे. २०२० मध्ये अफगाणिस्तानने २५ महिला क्रिकेटपटूंना करारबद्ध केले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानची सत्ता आल्यावर त्यांना देशात खेळणे अशक्य झाले. त्यांतील अनेकींनी ऑस्ट्रेलियात आश्रय घेतला आणि जानेवारी २०२५ मध्ये मेलबर्नला एका निमंत्रित संघाविरुद्ध त्या पुन्हा एकत्र खेळल्या. देशाबाहेर, देशाच्या अधिकृत मान्यतेशिवाय. पुरुष संघाच्या विजयांची संख्या कितीही वाढली, तरी संघात कोणाला स्थान आहे आणि कोणाला नाही, हा पहिला पेपर त्या देशाने अजून सोडवलेला नाही.

जिल्ह्याच्या मैदानावरून पाहताना

पालवणकरांची अडचण जातीची होती. आजच्या ग्रामीण खेळाडूची अडचण प्रामुख्याने अंतराची, पैशाची आणि कोणाच्या नजरेस न पडण्याची आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा क्रिकेटच्या नकाशावर महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या कार्यक्षेत्रात येतो. मुंबई आणि विदर्भ यांच्या स्वतंत्र संघटना आहेत. मराठवाड्यातील खेळाडूला राज्य संघापर्यंत पोहोचायचे तर वाट पुण्यावरून जाते. हिंगोली ते पुणे हे अंतर चारशे किलोमीटरहून अधिक. निवड चाचणीसाठी जाणे, राहणे आणि हातातली मजुरी किंवा शाळा बुडवणे, हा खर्च शहरातील मुलाला करावा लागत नाही.

तरीही ही वाट बंद नाही, हे मराठवाड्यातल्या मुलांनी दाखवून दिले आहे. जालन्याचा विजय झोल २०१४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात भारताचा कर्णधार होता. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२२ च्या विजेत्या संघात होता. बीडच्या सचिन धस याने २०२४ च्या उपांत्य सामन्यात यजमान दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावांची खेळी करून भारताला अंतिम फेरीत नेले. परदेश दौऱ्यावर जाणाऱ्या भारताच्या संघात आता जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांची नावे असतात. १९११ मध्ये मुंबईचे जिमखाने, अलीगढचे महाविद्यालय आणि संस्थानिकांचे दरबार यांच्या बाहेरून संघात शिरायला बाळूंइतकी असामान्य गुणवत्ता लागली होती.

आणि हाच या जुन्या दौऱ्याचा शेवटचा धडा आहे. बाळू पालवणकर क्लबाच्या मैदानावर रूळ फिरवत होते म्हणून कोणाच्या तरी नजरेस पडले. ग्रेग यांना सरावासाठी गोलंदाज हवा होता, हिंदू संघाला युरोपियनांना हरवणारा गोलंदाज हवा होता, अशा योगायोगांच्या साखळीतून ते लॉर्ड्सपर्यंत गेले. साखळीतील एखादी कडी निसटली असती, तर १९११ च्या संघाला ते दोन विजयही मिळाले नसते आणि आपण काय गमावले, हे कोणाला कळलेही नसते. निवड योगायोगावर सोपवली की नुकसान होते ते असे, ज्याची धावफलकावर नोंदच होत नाही.

जिल्ह्यात खेळपट्टी असणे, शालेय स्पर्धा वेळेवर होणे, निवड चाचणी खेळाडूच्या जवळ येणे आणि निवडलेल्या मुलाच्या प्रवासाचा खर्च संघटनेने उचलणे, या गोष्टी विश्वचषकाइतक्या चमकदार नाहीत. मात्र परदेशात खेळायला जाणाऱ्या प्रत्येक संघाची खरी ताकद याच गोष्टींवर ठरते. १९११ चा संघ पंधरा वेळा हरला. त्यातून भारतीय क्रिकेटला मिळालेले सर्वांत मोठे उत्तर मात्र जहाज मुंबईहून सुटण्यापूर्वीच, अंतिम यादीतील दोन नावांच्या रूपाने, लिहिले गेले होते.